यंत्राची मोजणी आणि बांधाची साक्ष

बीड जिल्ह्यातील परळी-अंबाजोगाईच्या टापूत धर्मापुरी हे चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराचे गाव आहे. चालुक्य-यादवांच्या काळातील दानलेख ज्यांनी चाळले आहेत त्यांना ठाऊक असते की, दान दिलेली जमीन किती निवर्तने आहे एवढे सांगून कोरणाऱ्याचे समाधान होत नसे. पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचे शेत, पश्चिमेस वाट अशी चतुःसीमा नोंदल्यावरच लेख पुरा होई. मोजमाप आणि शेजाऱ्याची साक्ष ही दोन्ही एकत्र आल्यावाचून जमीन ‘ठरत’ नसे. आज त्याच मराठवाड्याच्या माळरानावर सौरऊर्जेचे प्रकल्प उभे राहत आहेत, आणि त्या प्रकल्पांची आखणी माणसाऐवजी यंत्रमानवाने करावी असा विचार जगभरच्या बांधकाम कंपन्यांत बळावतो आहे. मोजमाप आणि साक्ष यांची शेकडो वर्षांची सोबत या निमित्ताने सुटते की काय, हा प्रश्न यंत्राच्या कौतुकात बुडून जाऊ नये.

हे यंत्र दिसायला अगदी साधे आहे. चार चाकांचा एक गाडा, त्याच्या माथ्यावर उपग्रहांचे संदेश टिपणारे ग्राहक, पोटात रंगाची डबी. संगणकावर तयार केलेल्या नकाशातील प्रत्येक खांबाचे स्थान त्याला आकड्यांत दिलेले असते. जमिनीवरच्या एका स्थिर केंद्राकडून उपग्रहसंदेशातील चुकीची दुरुस्ती त्याला क्षणोक्षणी मिळते, आणि दोन-तीन सेंटीमीटरांच्या आतबाहेर अचूक जागी जाऊन ते रंगाचा ठिपका उमटवते. अमेरिकेत सिव्ह रोबोटिक्स या कंपनीची अशी यंत्रे सौर प्रकल्पांच्या जागी वापरली जातात. २०२३ मध्ये बिल्ट रोबोटिक्सने खांब ठोकणारे यंत्र आणले, आणि २०२४ मध्ये एईएस या वीज कंपनीने पॅनेल उचलून बसवणारे ‘मॅक्सिमो’ जाहीर केले. आपल्याकडे गुजरातेत खावडा येथे पॅनेल पुसण्याचे काम पाण्यावाचून चालणारी स्वयंचलित यंत्रे करीतच आहेत. आखणीचा गाडाही आज ना उद्या इकडे येईल. त्यात आकस्मिक असे काही नाही. १९९० मध्ये स्वीडनच्या जिओट्रॉनिक्स कंपनीने जिओडिमीटर ४००० हे उपकरण काढले, तेव्हाच दुर्बिणीच्या मागे उभा राहणारा माणूस अनावश्यक ठरला होता. आता दांडी धरून पुढे चालणारा माणूसही अनावश्यक ठरत आहे, एवढेच.

येथे एक भेद सुरुवातीलाच स्पष्ट केला पाहिजे. ‘मोजणी’ या एकाच शब्दाखाली दोन निराळी कामे नांदतात. पहिले काम हद्द ठरविण्याचे. ते भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक करतो. त्यासाठी अर्ज होतो, लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात, जुने टिपण व गटाचा नकाशा पाहिला जातो, पंचांच्या सह्या होतात आणि अखेर नकाशाची ‘क’ प्रत अर्जदाराच्या हाती पडते. दुसरे काम आखणीचे. ठरलेल्या हद्दीच्या आत कोणता खांब कोठे रोवायचा, हे जमिनीवर खुंटीने आणि चुन्याच्या फक्कीने दाखविणे. पहिले काम न्यायाचे आहे, दुसरे बांधकामाचे. यंत्रमानव दुसरे काम करतो आणि ते उत्तम करतो, याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. अडचण अशी की, दुसऱ्या कामाची अचूकता पहिल्या कामाच्या खरेपणाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. कंपनीच्या पडद्यावर सेंटीमीटरपर्यंत काटेकोर रेषा उमटली म्हणजे ‘आमचा बांध त्या बाभळीच्या पलीकडे होता’ हे म्हाताऱ्या शेतकऱ्याचे म्हणणे भाबडे वाटू लागते. वस्तुतः चुकीच्या हद्दीच्या आतही ठिपके अगदी अचूक पडू शकतात.

महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात याचा धडा फार पूर्वी मिळालेला आहे. पेशवाईच्या पाडावानंतर दख्खनची जमीन मोजून आकार ठरविण्याचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलबरी येथील महाविद्यालयात तो माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकला होता. खंडाचा नवा सिद्धांत त्याच्या डोक्यात ताजा होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा, असे त्याने मांडले आणि १८२८ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात मोजणी सुरू केली. गणित निर्दोष होते. पण खालच्या मोजणीदारांनी आणलेले आकडे खोटे होते, आणि जो खर्च पदरी पडल्याखेरीज शेतकऱ्याला कळत नाही तो तक्त्यात आलाच नव्हता. परिणाम असा झाला की इंदापूरसारख्या तालुक्यांत जमिनी ओस पडल्या आणि रयत शेजारच्या संस्थानी मुलखांत पळून गेली. १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांना सारे पुन्हा आरंभापासून करावे लागले. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालावर पुढची पद्धत उभी राहिली. त्या दोघांची मोजणी प्रिंगलपेक्षा अधिक सूक्ष्म होती असे नव्हे; ते बांधावर गेले आणि त्यांनी आकार सोसवेल इतका खाली आणला, हे त्यांचे वेगळेपण. अर्थशास्त्राच्या पदवीधरांना प्रिंगलची ही गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवायला हवी. ती कोणत्याही अभ्यासक्रमात ठळकपणे येत नाही, हा भाग वेगळा.

धर्मापुरीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे पहिल्या सालारजंगाच्या सुधारणांनंतर, १८७० नंतरच्या दशकांत, मुंबई इलाख्याच्याच धर्तीवर मोजणी आणि धारेबंदी झाली. तेहेतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. लोखंडी साखळी उन्हाने तापून लांबे, दलदलीत ओढली की झिजे, आणि साखळी ओढणाऱ्याच्या मर्जीने ती ताठ किंवा सैल होई. या साखळीवर आधारलेली टिपणे आजच्या हक्कनोंदींच्या तळाशी आहेत. त्यांवर नंतरच्या वाटण्या, पोटहिस्से, एकत्रीकरण योजनेतील गटांची अदलाबदल आणि तोंडी व्यवहार यांचे थर चढले. अशा दस्तावर उपग्रहाची रेषा आणून ठेवली म्हणजे दोहोंत काही हातांचे अंतर पडणारच. ते कोणाच्या पदरात टाकायचे, हे उपग्रह सांगू शकत नाही. पूर्वी ते गाव सांगे. ज्या महाराला गावकुसाबाहेर ठेवले होते त्याच्याच शब्दावर गावची शीव ठरत असे, हा आपल्या समाजरचनेतील विलक्षण विरोध. जमीन ठाऊक असणे आणि जमीन मालकीची असणे यांची फारकत तेव्हापासूनची आहे.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. दसरा-दिवाळी आटोपली की येथून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ती पाडव्याच्या आगेमागे परततात. आता जमीन मोजण्याचा, सपाट करण्याचा, खड्डे घेण्याचा हंगाम कोणता? पावसाळा संपून काळी माती वाळलेली आणि खरिपाचे पीक निघालेले असते तो. म्हणजे नेमके तेच पाच-सहा महिने. ज्या कुटुंबाची दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन गटात मधोमध आहे ते कुटुंब तेव्हा एखाद्या कारखान्याच्या तळावर पालात राहत असते, घराला कुलूप असते, आणि लगतच्या कब्जेदाराची नोटीस दाराला चिकटवली की कायद्याचे समाधान होते. माणसांची तुकडी मोजणीला आली तर निदान आठ-पंधरा दिवस गावात तिची चर्चा होते, कोणीतरी फोन करून कळवते. यंत्राचे काम दोन दिवसांत आटोपते. या वेगाचा फायदा कंपनीला मिळतो. गैरहजर माणसाला त्यातून काय मिळते याचा हिशेब कोठेही मांडला जात नाही.

गायरानांची गोष्ट याहून बिकट आहे. मराठवाड्यातील भूमिहीनांनी, विशेषतः दलित आणि भटक्या कुटुंबांनी, दोन-दोन पिढ्या गायरान जमिनी कसल्या आहेत. या जिल्ह्यातच एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या द्वारे त्यांचा लढा उभा केला. शासनाने १९७८ आणि १९९१ मध्ये निर्णय काढून अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले. १४ एप्रिल १९९० ही त्यातली शेवटची मुदत. परंतु अनेकांच्या ताब्याची नोंद आजही सातबाऱ्यावर नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शासकीय जमिनी नाममात्र भाड्याने प्रकल्पांना देण्याची तरतूद आहे, आणि गायरान ही त्यांतील सर्वांत हाताशी असलेली जमीन. आकाशातून पाहिले तर गायरान ‘मोकळे’ दिसते. एप्रिलमध्ये तर तेथे ढेकळेच असतात. त्या ढेकळांत पंधरा वर्षांपूर्वी दगड वेचून कोणी बांध घातला, हे ना नकाशात येते ना यंत्राच्या पोटातील आकड्यांत. माणूस आखणीला आला असता तर त्याला कोणीतरी आडवे गेले असते. त्याने मालकाला कळवले असते. प्रश्न निदान उपस्थित झाला असता. गाड्याला आडवे जाणाऱ्या माणसापुढे गाडा थांबतो, ही सोय त्यात आहे. पण त्याचे ऐकून घेण्याची सोय नाही.

यावरून सौरऊर्जेलाच विरोध आहे असा अर्थ कोणी काढू नये. धर्मापुरीच्या शेजारी परळीला औष्णिक वीजकेंद्र १९७१ पासून आहे. गोदावरीवरचा खडका बंधारा कोरडा पडला म्हणून ते २०१३ मध्ये काही महिने आणि २०१५ च्या जुलैपासून पुन्हा बंद ठेवावे लागले. ज्या मुलखात प्यायला पाणी नाही तेथे वाफेवर वीज करण्यापेक्षा उन्हावर करणे केव्हाही शहाणपणाचे आहे. शिवाय शेतकऱ्याला मध्यरात्री पंप चालू करण्यासाठी विंचवाकाट्यात जावे लागते. दिवसा वीज मिळणे हा त्याच्यासाठी चैनीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला आणि त्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाला. तो तीन मेगावॉटचा आहे. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढचा सारा हिशेब आकारमानाचा आहे.

त्याआधी भाड्याविषयी थोडे. खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि वर्षाला तीन टक्के वाढ, असा दर या योजनेत आहे. एकरी पन्नास हजार हे कोरडवाहू सोयाबीनच्या किंवा कापसाच्या निव्वळ उत्पन्नाशी ताडून पाहिले तर मोहात पाडणारे आहेत. पण करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो. महागाईचा वेग चार टक्के धरला – रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट तेवढेच आहे – तर तीन टक्क्यांची वाढ चक्रवाढीने मोजूनही पंचविसाव्या वर्षी त्या भाड्याची खरी किंमत पाचव्या हिश्श्याने घटलेली असेल. वाढ सरळ पद्धतीने मोजली तर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने. आणि हे भाडे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. बटईने करणाऱ्याला, खुरपायला जाणाऱ्या बाईला, बांधावरच्या गवतावर दोन शेळ्या पोसणाऱ्या म्हातारीला त्यातून काही मिळत नाही.

आता यंत्रमानवाचा हिशेब. एक मेगावॉटला साधारण साडेपाचशे वॉटची अठराशेहून अधिक पॅनेल लागतात. अठ्ठावीस पॅनेलांची एक चौकट आणि तिला सहा-सात खांब धरले तर मेगावॉटमागे चार-साडेचारशे खांब होतात. म्हणजे पाच मेगावॉटच्या प्रकल्पाला दोन-सव्वादोन हजार ठिपके. उपग्रहग्राहक हातात धरून चालणारा एक जाणता माणूस आणि खुंट्या ठोकणारे दोन मदतनीस यांनी दिवसाला तीनशे ठिपके पाडले, असे धरले तरी हे काम आठवड्याभरात उरकते. तिघांची मजुरी आणि उपकरणाचे भाडे मिळून दिवसाला चार हजार धरा. सगळा खर्च तीस हजारांच्या आसपास. प्रकल्पाचा भांडवली खर्च मेगावॉटमागे चार कोटींच्या घरात असतो, म्हणजे एकूण वीस कोटी. त्यात हे तीस हजार म्हणजे दहा हजार रुपयांत दीड रुपया. हे वाचविण्यासाठी कोणी परदेशी यंत्र आणीत असेल तर तो अर्थव्यवहार न कळणारा माणूस म्हटला पाहिजे.

मग यंत्राला गिऱ्हाईक कोण? ज्याला पाच मेगावॉटचा नव्हे, पाचशे मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा आहे, जेथे दोन लाख ठिपके पाडायचे आहेत आणि वीज सुरू करण्याची तारीख चुकली तर दंड भरायचा आहे, तो. म्हणजे हे यंत्र सलग दोन-अडीच हजार एकर सपाट जमीन गृहीत धरते. कोणतेही यंत्र आपल्याबरोबर आपल्या सोयीचा समाज मागत असते. बीड जिल्ह्याला याचे उदाहरण दूर शोधायला नको. ऊसतोडणीचे यंत्र चालायचे तर सरी साडेचार-पाच फुटांची हवी, फड लांबलचक हवा, बांध आड येता कामा नये. २०२३ मध्ये राज्य सरकारने या यंत्रांना अनुदान देऊ केले, तेव्हा कोयत्याच्या जोडीला पर्याय मिळाला एवढेच बोलले गेले. लहान फडाच्या शेतकऱ्याचा ऊस शेवटी कोण तोडणार, याची चर्चा कमी झाली. आखणीच्या गाड्याचेही तसेच होईल. तो आला की कंपन्यांना विखुरलेले लहान प्रकल्प महाग वाटू लागतील आणि सलग जमिनीची भूक वाढेल. ज्या योजनेचे सारे मर्म गावाजवळच्या उपकेंद्रालगत लहान प्रकल्प उभारण्यात आहे, तिच्या गाभ्यालाच यामुळे धक्का बसू शकतो. राममनोहर लोहियांनी छोट्या यंत्राची कल्पना मांडली तेव्हा तिची चेष्टा झाली होती. वस्तुतः त्यांचे म्हणणे यंत्रविरोधी नव्हतेच. कोणत्या आकाराचे यंत्र कोणत्या आकाराच्या समाजाला पेलते, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि सूर्यप्रकाश ही तर लहान आकारात वापरता येण्याजोगी सर्वांत सोयीची शक्ती आहे.

माणसांचे काय, हा प्रश्न उरतो. रिकार्डोसारख्या यंत्रांच्या कैवाऱ्याने आपल्या ग्रंथाच्या १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर एक प्रकरण नव्याने घातले आणि यंत्रांचा वापर मजूरवर्गाला अनेकदा अपायकारक होऊ शकतो, ही मजुरांची समजूत निव्वळ अज्ञानातून आलेली नाही असे कबूल केले. त्याला दोनशे वर्षे झाली. आखणीच्या कामात फार मोठा रोजगार आहे असे नाही; प्रकल्पामागे चार-दोन माणसे. परंतु त्या रोजगाराचे स्थान पाहिले पाहिजे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. विसापूरला १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी सुरू केलेल्या प्रयोगातून उभी राहिलेली ही योजना माणसाला जगवते, पण त्याच्या हाती टिकाव-फावड्यापलीकडचे काही देत नाही. मोजणीच्या तुकडीतील मदतनीस मात्र पहिल्या वर्षी खुंटी ठोकतो, दुसऱ्या वर्षी दांडी धरतो, तिसऱ्या वर्षी उपकरण लावायला शिकतो. ऊसतोड कामगाराचा आयटीआय झालेला मुलगा कोयत्याच्या वाटेवरून बाजूला सरकू शकतो अशा ज्या थोड्या शिड्या या जिल्ह्यात आहेत, त्यांतली ही एक. सर्व्हेअरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडलेल्याला पहिली दोन-तीन वर्षे याच कामावर हात बसवावा लागतो. यंत्रमानव शिडीची वरची पायरी ठेवतो. नकाशा करणारा अभियंता लागतोच. तो काढून घेतो ती तळाची पायरी. वर जागा आहे असे सांगून तळाची पायरी काढायची, याला प्रगती म्हणण्याचा प्रघात आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वैशाखात या माळावर त्रेचाळीस अंश उन्हात दिवसभर दगडधोंड्यांतून चालणे हे काही सुखाचे काम नाही, आणि ज्यांनी ते कधी केलेले नाही त्यांनी त्याचे गोडवे गाऊ नयेत. अमेरिकेच्या वाळवंटात माणसे मिळत नाहीत म्हणून तेथे यंत्र आले, हे कारण खरे आहे. आपल्याकडे कंपन्यांना यंत्र हवेसे वाटते त्याला आणखी एक कारण आहे, ते उघड बोलले जात नाही. स्थानिक मजूर म्हणजे स्थानिक गुत्तेदार, आणि गुत्तेदार म्हणजे त्याच्या पाठीशी असलेला पुढारी. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी निर्घृण हत्या झाली. एका पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले, हे त्यामागचे कारण असल्याचे तपास यंत्रणेचे आरोपपत्र म्हणते. खटला न्यायालयात आहे. पण वारा आणि ऊन यांवर चालणाऱ्या स्वच्छ विजेच्या कामाभोवती या जिल्ह्यात किती गढूळ पाणी साचले आहे, हे त्या घटनेने देशाला दाखविले. अशा वातावरणात एखादा व्यवस्थापक म्हणाला की आम्हाला गावातला माणूसच नको, यंत्र बरे, तर त्याचा राग कितीसा करायचा? तरीही हे उत्तर चुकीचे आहे. त्यातून गुत्तेदार जात नाही. तो मुरूम, पाणी, वाहतूक आणि पहारा यांच्या रूपाने राहतोच. जातो तो फक्त मजूर.

मोजणीतील नव्या साधनांचा खरा उपयोग कोठे आहे, हे सरकारी कचेऱ्यांकडे पाहिले म्हणजे कळते. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने सत्त्याहत्तर ठिकाणी उपग्रहसंदेश दुरुस्त करणारी कायम केंद्रे उभी राहिली आहेत. सार्वजनिक पैशाने उभारलेल्या या व्यवस्थेवर खाजगी गाडाही चालू शकतो आणि भूकरमापकाचा रोव्हरही. इकडे शेतकरी मोजणीची फी भरून महिनोन्‌महिने तारखेची वाट पाहतो, भावाभावांत बांधावरून डोकी फुटतात, पाणंद रस्ते अडलेले असतात. यंत्राने वाचणारा वेळ पहिल्यांदा या रांगेला मिळाला पाहिजे. तालुक्यातील आयटीआय झालेल्या मुलांची सहकारी संस्था करून तिच्याकडे रोव्हर दिले, सौर प्रकल्पांची आखणी आणि भूमी अभिलेख खात्याला साहाय्य अशी दोन्ही कामे तिला दिली, तर दहा हजारांतला तो दीड रुपया गावात राहील. ही काही क्रांती नव्हे, पण जमण्याजोगी गोष्ट आहे.

यापेक्षाही तातडीची गोष्ट बांधांची आहे. प्रकल्पासाठी आठ-दहा शेतकऱ्यांची जमीन एकत्र घेतली की बांध मोडतात, हद्दीचे दगड उखडले जातात, ओघळी बुजवून उतार एकसारखा केला जातो. बाभळी आणि बोरी जातात. करार संपेल तेव्हा सही करणारा बहुधा हयात नसेल. त्याचा नातू माळावर उभा राहील तेव्हा त्याच्यासमोर खांबांच्या रांगा काढून नेलेली सपाट जमीन असेल. आपले दोन एकर कोठून कोठपर्यंत, हे सांगणारा एकही दगड तेथे नसेल आणि सांगणारा शेजारीही नसेल. त्या बांधाची साक्ष तेव्हा फक्त आकड्यांत उरलेली असेल, आणि ते आकडे आज कंपनीच्या संगणकात असतात. कंपन्या या काळात विकल्या जातात, बुडतात, नावे बदलतात.

सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनी घेऊन विकासकांना देण्याचे काम एमएसईबी सोलर ॲग्रो पॉवर लिमिटेड ही सरकारी कंपनी पाहते, म्हणून तिच्याकडे मागणी करता येते. बांध मोडण्यापूर्वी प्रत्येक खातेदाराच्या हद्दीचे उपग्रहीय आकडे घेऊन ते भूमी अभिलेख कार्यालयात जमा व्हावेत आणि त्यांची सही-शिक्क्याची प्रत खातेदाराला मिळावी. ज्या गटात ऊसतोड कामगारांची जमीन आहे किंवा ज्याच्या लगत आहे, त्याची हद्द मोजणी पाडवा ते मृग या अवधीतच व्हावी. गायरानावर आखणी होण्याआधी प्रत्यक्ष कसणाऱ्यांची यादी ग्रामसभेत ठेवली जावी, आणि सातबाऱ्याचे चावडी वाचन होते तसे प्रकल्पाच्या नकाशाचेही चावडी वाचन व्हावे. आणि करार संपल्यावर जमीन परत करताना विकासकाने स्वखर्चाने त्या आकड्यांप्रमाणे हद्दीचे दगड पुन्हा रोवून द्यावेत; त्या दिवशी त्याने हवा तर यंत्रमानव आणावा, दोन लाख ठिपके पाडणाऱ्याला आठ-दहा खातेदारांचे चाळीस कोपरे जड नाहीत. यातली एकही अट वीज महाग करीत नाही. भाडेकराराच्या मसुद्यात त्या घालायला चार कलमे पुरतात, आणि मराठवाड्यात आज सह्या होत असलेल्या करारांत ती कलमे आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम ग्रामसभेला या दसऱ्याआधीच, कोयते गावाबाहेर पडण्यापूर्वी, करता येईल.